दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाची वेळ: माझा हिशेब

सुरुवात मी शहरांपासून नाही, विमानतळांपासून करतो. एकाच शहरात दोन-तीन विमानतळ असले तर अंतर तिथेच पंचवीस-तीस किलोमीटरने बदलतं. अक्षांश-रेखांश दशांशात घ्यायचे. ४० अंश ३८ मिनिटं म्हणजे ४०.३८ नव्हे, ४०.६३. एवढ्याशा गोंधळात उत्तर-दक्षिण २८ किलोमीटरची चूक होते. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचं.

मग सूत्र. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, अधिक दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार. या बेरजेचा व्यस्त कोसाइन म्हणजे दोन ठिकाणांमधला कोन. त्याच्या एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे ६० नॉटिकल मैल. न्यूयॉर्कचा जेएफके आणि लंडनचा हीथ्रो घेतले तर कोन ४९.८ अंश निघतो आणि अंतर साधारण ५,५४० किलोमीटर. एक्सेलला कोन रेडियनमध्येच (कोन मोजायचं दुसरं एकक) लागतो. अंश तसेच दिले तरी ते मुकाट्याने आकडा देतं, फक्त तो भलताच असतो. शंका आली की मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघतो. सपाट नकाशावरच्या सरळ रेषेवर मात्र विसंबत नाही. न्यूयॉर्क-लंडनचा हाच मार्ग प्रत्यक्षात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या बाजूने वर वळून जातो.

अंतर मिळालं की लोक थेट नऊशेने भागतात आणि फसतात. जेट विमान वरच्या उंचीवर ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातं हे खरं, पण चढताना आणि उतरताना नाही. त्यासाठी मी अर्धा तास वेगळा धरतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते, म्हणून जमिनीवरच्या धावण्याची आणखी वीस ते तीस मिनिटं. पाचशे किलोमीटरच्या उड्डाणात या वरखर्चातच निम्म्याहून जास्त वेळ जातो.

खरी गंमत वाऱ्याची. मध्य अक्षांशांवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. विमानाचा वेग ताशी ९०० आणि सरासरी ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर लंडनकडे जाताना ५,५४० ला १,००० ने भागायचं, परतताना ८०० ने: साडेपाच तास आणि सहा तास पंचावन्न मिनिटं. वरची भर घातली की जाताना सुमारे साडेसहा, येताना आठ. जाता-येताना फिटंफाट होईल असं वाटतं, पण होत नाही. समोरून येणारा वारा जास्त वेळ सोसावा लागतो.

शेवटी आकाश कोणाचं आहे ते बघावं लागतं. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपासवरून तेराच्या घरात गेला. शहरं जागच्या जागीच होती.

पडताळणीला वेळापत्रक वापरताना लक्षात ठेवायचं की दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. न्यूयॉर्कहून सायंकाळी ६.३० ला निघून लंडनला सकाळी ६.३० म्हणजे बारा तास नव्हे. पाच तासांचा फरक वजा केला की सात. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीस आठवडाभर हा फरक चारच तास असतो, कारण उन्हाळ्या-हिवाळ्यासाठी दोन्हीकडची घड्याळं वेगवेगळ्या रविवारी एक तास पुढे-मागे करतात.