रबरबँड लावलेला फोन

मागच्या आठवड्यात दुपारचा बाजार उरकून एक मासेवाल्या मावशी माझ्या गाळ्यावर आल्या. भांडुप पश्चिमेला, स्टेशनपासून दोन मिनिटांवर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मावशींनी पदराला हात पुसले, प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढला. त्याला दोन रबरबँड घट्ट बांधलेले.

"भाऊ, काच सुटलीय. जरा चिकटवून दे रे."

रबरबँड काढले तशी काच एका बाजूने तांदळाच्या दाण्याएवढी वर आली. गम सुटला नव्हता. आतली बॅटरी फुगली होती आणि तिनेच काच वर ढकलली होती. दोन महिने मावशी तो फोन असाच बांधून वापरत होत्या. रात्री उशीखाली चार्जिंगला, आणि शेजारी नातू झोपलेला. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

२००७ साली मी शिकाऊ होतो. तेव्हा नोकियाने बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा दिला होता, चार्जिंग करताना त्या तापू शकतात म्हणून. लोक दुकानात यायचे, नखाने मागचं झाकण उघडायचे आणि बॅटरी हातात घेऊन नंबर ताडून बघायचे. आता बॅटरी आत चिकटवलेली असते, ती डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून ती फुगली तरी माणसाला वाटतं काच सुटली, कव्हर सैल झालं.

या बॅटरीच्या पाकिटात दोन पातळ पत्रे असतात आणि त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ प्लास्टिकचा पडदा. सगळं रसायनात भिजवून हवाबंद केलेलं. बॅटरी जुनी झाली, सतत तापत राहिली किंवा तिला नको तेवढं व्होल्टेज मिळालं की रसायनाचा गॅस होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून पाकीट फुगतं. अशात ते दाबलं किंवा टोचलं आणि पडदा फाटला, तर आतल्या आत शॉर्ट होतो. मग उष्णतेतून आणखी उष्णता, आग आणि विषारी धूर. रबरबँडने नेमका तिथेच दाब पडत होता.

मी आधी फोनचं चार्जिंग उतरू दिलं, कारण भरलेली बॅटरी जास्त भडकते. गरम हवेची गन लावली नाही. कडेने आयपीएचे, म्हणजे सफाईच्या अल्कोहोलचे, थेंब सोडले, गम सैल होईपर्यंत थांबलो आणि जुनं प्लास्टिकचं कार्ड हळूहळू आत सरकवलं. लोखंडी चिमटा अशा वेळी मी हातातही घेत नाही. बॅटरी निघाली ती छोट्या उशीसारखी, कोपऱ्याला गोडसर वास येत होता. वाळूच्या डब्यात ठेवली तेव्हा कुठे मी मोकळा श्वास घेतला.

दुसऱ्या दिवशी मावशींकडून चार्जर मागवून घेतला. लोकल गाडीत शंभर रुपयांना घेतलेला, हाताला अगदी हलका. उघडला तर आत फ्यूजच नाही. चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनकडची ५ व्होल्टची बाजू यांच्यात मोकळी जागा सोडलेली असते. इथे दोन्हीकडचे सोल्डरचे टाके जवळजवळ भिडलेले. पैसे वाचवायचे तर कव्हरमध्ये वाचवा, चार्जरमध्ये नको, हे मी प्रत्येक गिऱ्हाईकाला हात जोडून सांगतो. चार्जरवर आयएस १३२५२ आणि बॅटरीवर आयएस १६०४६ असा शिक्का असतो, त्याच्याजवळ 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर या भारतीय मानक ब्युरोच्या अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. नाव आलं नाही किंवा भलतंच आलं तर घेऊ नका.

मावशींनी नव्या बॅटरीचे पैसे दोन हप्त्यांत दिले. आता फोन संध्याकाळी ओट्यावर, डोळ्यांसमोर चार्ज करतात, कव्हर काढून.

जुनी बॅटरी मावशी कचऱ्याच्या डब्यात टाकणार होत्या. कृपा करून तसं कुणी करू नका. पालिकेच्या गाडीत कचरा दाबला जातो आणि तिथे हात घालणारी माणसंच असतात. माझ्याकडच्या बॅटऱ्या मी ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाला देतो. भांडुपला असाल तर तुमचीही आणून द्या, पैसे घेत नाही. फोन फुगलेला असेल तर बंद करून, न दाबता आणा. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, रविवारी दुपारपर्यंत.