सायझिंगला किती मीटर सांगायचं?

परवा रात्री भाच्याचा फोन. शिष्यवृत्तीची तयारी चाललीय.

"मामा, एक यंत्र एक काम 240 तासांत करतं, दुसरं 80 तासांत. दोन्ही मिळून किती?"

उत्तर त्यानंच काढलेलं होतं: 160. बेरीज भागिले दोन.

"अरे, दुसरं एकटंच 80 तासांत उरकतंय. पहिलं जोडीला येऊन काय विणलेलं उसवतंय काय?"

हसला. 1/240 अधिक 1/80 ही रीत त्याला पाठ होती, पण 1/240 म्हणजे नक्की काय, हे सांगता येईना. पुस्तकं 'काम' म्हणून मोकळी होतात. कसलं, किती, पत्ता नाही. इचलकरंजीच्या पोराला असं शिकवून कसं चालेल? इथं पहिला यंत्रमाग 1904 ला आला, आणि विणकराची मजुरी आजही पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांवर ठरते.

म्हटलं, काम म्हणजे 720 मीटर कापड. इंचाला 60 पीक, म्हणजे 60 आडवे धागे. धोट्याचा जुना माग मिनिटाला 120 पीक टाकतो, म्हणजे 2 इंच कापड. तासाला 120 इंच, 3 मीटर धर. रेपियर, म्हणजे बिनधोट्याचा नवा माग, मिनिटाला 360 पीक, म्हणजे तासाला 9 मीटर. दोन्ही मिळून 12. मग 720 ला किती?

"60 तास!" आणि लगेच, "म्हणजे 1/240 म्हणजे ते 3 मीटर होय?"

होय बाबा. 720 तले 3.

(व्यापारी असा मिसळलेला माल घेणार नाही, किनार बघूनच ओळखेल. गणितापुरतं चालवून घ्या.)

खरी गंमत पुढं. शेजारी बसून ऐकणाऱ्या अण्णांनी फोन मागून घेतला. "तास राहू देत. बीम दोन लागणार. सायझिंगला किती किती मीटर सांगायचं?" (बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, प्रत्येक मागाला एक. सायझिंगवाला धाग्यांना खळ लावून तो भरून देतो.)

पोरगं म्हणालं, निम्मं-निम्मं, 360.

"मग रेपियर 40 तासांत मोकळा, आणि जुना 120 तास खडखडत बसणार!"

थोडा वेळ फोनवर नुसती पेन्सिल ऐकू आली. वेग 1 ला 3, तर कापडही 1 ला 3. "180 आणि 540," तो म्हणाला. बरोबर! मी खूश.

अण्णा मात्र नाहीत. "जुन्याला 160 च सांग. धागा तुटला, धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपली की माग थांबतो. तेवढा वेळ कोण भरून देणार, तुझं पुस्तक?"