अण्णा, स्क्रूड्रायव्हर आणि बोटभर रबर

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या व्हॅनला घरघर लागली. सिग्नलला उभी राहिली की पुढून टक-टक-टक. एसी लावला की तीच टकटक दुप्पट जोरात. सकाळी पहिला सेल मारला की बेल्ट असा किंचाळायचा की समोरच्यांचा कुत्रा उठून बसायचा.

गाडी २००२ ची टोयोटा सिएना. सरकत्या दारांची, तीन लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनाची, दोन लाख अकरा हजार मैल झालेली. दोन्ही मुली हिच्यातच वाढल्या. गणपतीचं मखर दर वर्षी हिच्याच पोटातून हॉलवर जातं. ओहायोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं खालचा पत्रा चाळणी व्हायला आलाय, तरी मला दुसरी गाडी नको होती.

एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दहा मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला. आतली बेअरिंगं गेलीत, इंजिन उघडायला चार हजार डॉलर, गाडीची किंमत जेमतेम दीड हजार, तेव्हा भंगारात द्या. त्याचं बोलणं इतकं सहज होतं की मी पार्किंगमध्ये जाऊन रडले. एका व्हॅनसाठी कोणी रडतं का? मी रडले.

सप्टेंबरात आई आणि अण्णा सहा महिन्यांसाठी आले. अण्णा एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, कोल्हापूरला. इंजिनांच्या गोंगाटात त्यांचा डावा कान गेला आणि उजवाही अर्धाच राहिलाय. जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही. तर विमानतळावरून घरी येताना हा माणूस मागच्या सीटवरून म्हणतो, "मने, गाडी ठोकतीया."

"अण्णा, तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कशाला यायला पाहिजे? पायाला कळतंय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वेटर, वर कानटोपी अशा थाटात त्यांनी माझ्याकडे लांब स्क्रूड्रायव्हर मागितला. इंजिन चालू ठेवायला लावलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. हाडातून आवाज थेट आतल्या कानाला पोचतो म्हणे. वरच्या झाकणावर टेकवलं, मान हलवली. खाली ऑइलच्या चेंबरवर टेकवलं, मान हलवली. मग बेल्टच्या बाजूला, पुलीपासून वीतभर लांब धरलं आणि डोळे मिटले. "आत काय नाही. पोट साफ हाय हिचं. हे भाईर ठोकतंय. डँपर बघ."

डँपर म्हणजे क्रँकशाफ्टच्या, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला बसवलेली पुली. दिसायला बेल्ट फिरवणारं साधं चाक, पण ते एकसंध नसतं. मधे लोखंडी बुंधा, बाहेर जड लोखंडी कडं आणि दोघांच्या मधे दाबून बसवलेला बोटभर रबराचा पट्टा. तो कशाला, हे मला अण्णांनी आईच्या हातातली ओली ओढणी घेऊन दाखवलं. ओढणीला पीळ दिला आणि एक टोक सोडलं, की ती उलटी फिरते, परत सुलटी फिरते. क्रँकशाफ्टचं तेच होतं. एकेका सिलिंडरचा दणका बसला की तो जाडजूड पोलादी दांडा केसभर पिळतो आणि लगेच उलटा झटका देतो. आमच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन दणके, म्हणजे गाडी नुसती उभी असताना, सातशे फेऱ्यांवर, सेकंदाला पस्तीस. एखाद्या वेगाला हे दणके आणि दांड्याचा स्वतःचा थरकाप एका तालात आले की दांडा तुटूही शकतो. बाहेरचं जड कडं एका गतीनं फिरत राहू बघतं, आतला बुंधा थरथरत असतो, आणि मधलं रबर ती थरथर स्वतःत जिरवून तिची उष्णता करतं. तेवीस वर्षं ऊन-थंडी-तेल खाऊन आणि सेकंदाला पस्तीस धक्के सोसून ते रबर विटलं, यात कंपनीचा काय दोष!

अण्णांचा अंदाज होता, पण पुरावा मला हवा होता. पुढचं उजवं चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं आवरण काढलं. धाकटीची गुलाबी नेलपॉलिश घेतली आणि पुलीवर मधल्या बुंध्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. चाक लावून चार दिवस फक्त किराणा आणि शाळा एवढंच फिरवलं. चार दिवसांनी बघितलं, तर रेघेचे दोन तुकडे. आतला तुकडा जिथल्या तिथे, बाहेरचा दोन बोटं पुढे सरकलेला. बाहेरचं कडं बुंध्यावर घसरत होतं. गॅरेजवाल्याची चार हजारांची बेअरिंगं ती हीच.

नवी पुली नव्वद डॉलरला मिळाली. खरा प्रश्न जुनी काढायचा होता. मधला बोल्ट बावीसच्या बॉक्स पान्याचा, आणि कारखान्यात तो २१५ न्यूटन-मीटरला आवळलेला असतो. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला बावीस किलोचं पोतं लटकवावं, एवढा जोर. वर तेवीस वर्षांचा गंज. आणि पान्यानं जोर लावला की बोल्ट सुटायच्या आधी अख्खं इंजिनच फिरतं. गाडी ऑटोमॅटिक, गिअरमध्ये टाकून इंजिन अडवायची सोय नाही. इथली पोरं एक युक्ती करतात. पान्याचा दांडा जमिनीला टेकवायचा आणि सेल मारायचा, की इंजिनच बोल्ट सोडवतं. मी हे सांगितल्यावर अण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. त्यांची करंगळी वरच्या पेरापासून नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे, पण ती कशी गेली ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. युक्तीचा विषय तिथेच संपला.

मग त्यांनी विजेच्या बिलाच्या पाकिटामागे चित्र काढलं. आठ एमएम जाड, दोन फूट लांब लोखंडी पट्टी, एका टोकाला बॉक्स पाना आरपार जाईल एवढं मोठं भोक आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारकी भोकं. पुलीच्या बुंध्यालाच आट्याची दोन भोकं असतात, त्यांत आठ एमएमचे बोल्ट घालून ही पट्टी पुलीला आवळायची. बाहेरचं कडं पट्ट्यानं धरून काही उपयोग नव्हता, ते आधीच सुटलेलं; धरायचा तो बुंधा. मी ज्या कॉलेजच्या लायब्ररीत काम करते तिथल्या वर्कशॉपमधल्या एका भल्या माणसानं दुपारच्या सुट्टीत ती कापून, भोकं पाडून दिली. आईच्या हातचे बेसनाचे लाडू पोचते केले.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. बॅटरीची वायर काढली. जॅकवर गाडी उचलून मी खाली वाकणार, तेवढ्यात अण्णांची काठी माझ्या पाठीवर. "जॅकवर भरवसा? आधी स्टँड लाव, मग चाक आडवं घाल खाली." तसं केलं. दोन्ही बेल्ट सैल करून काढले. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतंच. गॅसची ज्योत दाखवायची कल्पना मीच काढली आणि मीच गिळली, कारण झाकणामागे लगेच टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांचा ताल सांभाळणारा रबरी पट्टा आहे.

पट्टीचं टोक मागच्या बाजूला, जमिनीवर लाकडी ठोकळ्यावर टेकवलं. पान्याला जॅकचा पाईप चढवला. अण्णा उलट्या बादलीवर बसून, गुडघ्यावर हात ठेवून. पहिला हिसका मारला, काहीच नाही. दुसऱ्याला पाना निसटून माझी बोटं पत्र्यावर.

"हिसकं मारू नकोस. नेट लाव. हळूहळू नेट लाव, जात्यावर बसल्यावानी."

मी जात्यावर कधी बसले नाहीये, पण कळलं. पाय रोवले, पाठ ताठ, आणि सगळं वजन पाईपवर सोडलं. पाईप वाकतोय असं वाटेपर्यंत सोडलं. कडाक! एवढा मोठा आवाज झाला की मला वाटलं बोल्ट तुटला. अण्णांनी तोही ऐकला नाही, पण माझा चेहरा बघून हसले. "सुटला न्हवं?"

पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचं हत्यार, लावतानाही त्यांनी दोनदा थांबवलं. पुलरचे बोल्ट बुंध्याच्या भोकांतच, बाहेरच्या कड्याला नख लावायचं नाही. आणि मधला स्क्रू क्रँकच्या आट्यात रुतू नये म्हणून जुना बोल्ट चार आटे परत आत. हातोडी मी हातात घेतलीसुद्धा नाही. मोठ्या डिझेल इंजिनांच्या काही डँपरांत रबराऐवजी घट्ट सिलिकॉनचं तेल भरलेलं असतं. त्यांना हातोडीचा एक पोचा आला तरी ते भंगारात, हे वाक्य मी त्या सकाळी तीनदा ऐकलं.

पुली हातात आली. बाहेरचं कडं अंगठ्यानं ढकललं तर बांगडीसारखं फिरलं. फटीतून रबराचे तुकडे पडले, काळे, सुरकुतलेले, कडक. थेट जुन्या आमसुलासारखे. टायमिंग बेल्टच्या झाकणावर चंद्रकोरीएवढा चकचकीत ओरखडा होता. कडं सरकत सरकत तिथे घासायला लागलं होतं. अजून महिनाभर चालवली असती तर झाकण फाडून आत शिरलं असतं.

नवी बसवणं अर्ध्या तासाचं. क्रँकवरच्या चावीसमोर पुलीची खाच आणली, हातानं सरकवली, पट्टी या वेळी पुढच्या बाजूला टेकवली आणि टॉर्क पान्यानं खट्ट होईपर्यंत आवळला. बेल्ट मी आधी फार ताणले, मग अण्णांनी बोटानं दाबून बघून ढिले करायला लावले. प्लॅस्टिकच्या आवरणाच्या तीन क्लिपा तुटल्या. तिथे आता केबल बांधायच्या पट्ट्या आहेत आणि पुढेही त्याच राहणार.

सेल मारला. एसी लावला. मी कान टवकारून उभी, अण्णा स्क्रूड्रायव्हर हाडाला लावून. मिनिटभर ऐकलं, मग तो त्यांनी माझ्या हातात दिला. मीही मूठ कानामागे टेकवली. आत खोल कुठेतरी एकसारखी घूं-घूं, गिरणीच्या बाहेर उभं राहिल्यासारखी. बाकी काही नाही.

मार्चमध्ये ते परत गेले. निघायच्या आदल्या रात्री आई वजनकाट्यावर बॅगा चढवत होती आणि एक बॅग काही केल्या तेवीस किलोत बसेना. उघडली तर साड्यांच्या घडीत, मुलींच्या जुन्या टी-शर्टात गुंडाळलेली जुनी पुली. आईनं ती दोनदा बाहेर काढली. सकाळी विमानतळावर बॅग भरली सव्वीस. डेपोतल्या मित्रांना नेलपॉलिशची रेघ दाखवायची आहे, एवढंच अण्णा म्हणाले, आणि आईनं तिथेच, रांगेत उभ्या उभ्या, बदामाची तीन पाकिटं काढून माझ्या हातात दिली.