सरकीची ढेप आणि लेनिनग्राडची भूक

मी रशियनची दुभाषी आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला शिकले. एरवी कामं येतात ती मशिनरीची, औषध कंपन्यांची, करारांची. पण काही वर्षांपूर्वी जालन्याच्या बियाणेवाल्यांचा एक ग्रुप घेऊन सेंट पीटर्सबर्गला गेले होते, सगळे शेतकरी घरातले, आणि त्यांना तिथली वाविलोव्ह इन्स्टिट्यूट, पिकांचं बियाणं जपून ठेवणारी संस्था, बघायचीच होती. तो दिवस सांगते.

इन्स्टिट्यूट आहे सेंट आयझॅक चौकात, समोर ते प्रचंड कॅथेड्रल. साठीच्या एक शास्त्रज्ञ बाई आम्हाला फिरवत होत्या. सकाळभर उगवणक्षमता, ओलावा, कोल्ड स्टोरेज हेच चाललं होतं, मग त्यांनी युद्धाचं काढलं. ८ सप्टेंबर १९४१ ला जर्मनांनी लेनिनग्राडची, म्हणजे याच शहराची (तेव्हाचं नाव ते), नाकेबंदी केली, ती २७ जानेवारी १९४४ पर्यंत सुटली नाही, ८७२ दिवस. आणि या इमारतीत जगभरातून जमवलेल्या बियाण्यांचे अडीच लाखांच्या आसपास नमुने. तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे, सगळं खाण्यासारखं.

इथले भाताचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव्ह तांदळाच्या हजारो पाकिटांशेजारी भुकेने गेले. भुईमुगाचे श्चुकिन टेबलावर काम करता करता गेले. ओटवाल्या लिदिया रोदिना गेल्या. उंदीर लागू नयेत म्हणून बियाण्याचे पत्र्याचे डबे बांधून ठेवायचे, बटाटे गोठू नयेत म्हणून तळघरात फर्निचर जाळून शेक द्यायचा, आणि हे सगळं पोटात काही नसताना.

ग्रुपमधले एक काका, सगळ्यात वडीलधारे, मला म्हणाले, "ताई, त्यांना विचारा की, जवळ धान्य असून माणूस उपाशी कसा काय मेला?" मी विचारलं. बाई एवढंच म्हणाल्या की ते खाल्लं असतं तर युद्ध संपल्यावर पेरायला काय राहिलं असतं. काकांनी मान हलवली. बियाणं मोडून खायचं नाही हे त्यांना मी काय समजावणार, ते त्यांच्या घरातच होतं.

मग कोणीतरी विचारलं बाकी शहर काय खात होतं. २० नोव्हेंबर १९४१ पासून महिनाभराहून जास्त काळ लहान मुलांना आणि घरातल्या बाकीच्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव, कारखान्यातल्या कामगाराला २५०. आणि तो पाव तरी कसला, पिठात लाकडाचा सेल्युलोज आणि बंदरात पडून असलेली सरकीची ढेप, जी जहाजांच्या भट्टीत जाळायला ठेवली होती आणि विषारी म्हणून माणसांना देत नव्हते, ती भाजून घातलेली. मी "सरकीची ढेप" म्हटलं आणि ती सगळी कापसाच्या पट्ट्यातली माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली. "जनावराची?" एकाने विचारलं. मी हो म्हटलं. यांच्या गोठ्यात रोज तेच टाकतात हो.

त्यानंतर बाई स्वतःच्या घरचं बोलायला लागल्या. आता दुभाषाचं काम असं असतं की समोरचा "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. तर मी त्या खोलीत उभी राहून मराठीत म्हणत होते, "माझ्या आजीचा धाकटा भाऊ त्या हिवाळ्यात गेला. बर्फ इतका की नेऊन पुरायची कोणात ताकद नव्हती, त्याला थंड खोलीत ठेवला आणि त्याचं रेशनकार्ड महिना संपेपर्यंत वापरलं. त्यावर माझी आजी जगली." हे वाक्य तोंडातून काढायला मला किती जड गेलं ते अजून आठवतं. पुढे म्हणाल्या, आजी मरेपर्यंत पलंगाखाली उशीच्या अभ्र्यात वाळवलेला पाव साठवून ठेवायची. १९८० च्या दशकातसुद्धा. आईने टाकून दिला की पुन्हा भरायची.

सहा लाखांच्या वर नागरिक या एका शहरात गेले आणि अख्ख्या सोव्हिएत युनियनमध्ये अंदाजे दोन कोटी सहासष्ट लाख माणसं, हे आकडे मी आधीही कितीदा भाषांतरित केले होते. पण पलंगाखालचा तो अभ्रा ऐकल्यावर कळलं की युद्ध संपल्यानंतरही ते घराघरात चालू राहतं.

काकांचा आणखी एक प्रश्न होता, त्यांचे मोठे साहेब, वाविलोव्ह, ते कुठे होते तेव्हा? साहेबांना त्यांच्याच सरकारने ऑगस्ट १९४० मध्ये अटक केली होती. जगातल्या पिकांची मूळ ठिकाणं शोधत देशोदेशी फिरलेला हा माणूस, जानेवारी १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेला. आणि इकडे त्यांची माणसं त्यांचं बियाणं राखत होती, ते जिवंत आहेत की नाही हेही माहीत नसताना. मला याचा संताप येतो, आजही. शत्रूने उपाशी मारलं ते मारलंच, पण या माणसाला घरच्यांनीच मारलं.

बाईंनी मग खिडकीतून चौक दाखवला. १९४२ च्या उन्हाळ्यात तिथे, कॅथेड्रलसमोर, कोबी लावला होता. काका लगेच म्हणाले, "विचारा ताई, पाणी कुठून घालत होते?" आणि मग दोघांचं लागवडीवर जे सुरू झालं ते जेवणाची वेळ टळेपर्यंत, मला मध्ये श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती.