कुंभार गल्लीतली निळी रेघ

मागच्या महिन्यात दोन दिवस कोल्हापूरला होतो. अंबाबाईचं दर्शन, मिसळ, रंकाळ्यावरची संध्याकाळ सगळं झालं, पण खरं सांगायचं तर मी दोन दिवस रिक्षा, दगड आणि भिंती वाचत फिरलो.

स्टँडवरून जी रिक्षा मिळाली तिच्या मागच्या काचेवर रेडियमची अक्षरं, 'नाद खुळा'. पुण्यात हेच दोन शब्द टी-शर्टवर बघितलेत, तिथे ते नुसतं डिझाईन असतं. इथे काकांनी आरशांपासून सीटकव्हरपर्यंत रिक्षा अशी नटवलीय की ते शब्द वाचून पटतात.

तेव्हा जेनी होल्झर आठवली. ही अमेरिकन कलाकार १९७०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या भिंतींवर एकेक ओळीची वाक्यं छापलेले कागद चिकटवायची, खाली स्वतःचं नाव नाही. १९८२ मध्ये तिची वाक्यं टाइम्स स्क्वेअरच्या लाइटच्या बोर्डावर झळकली आणि पुढे तिने दगडी बाकांवरही कोरून घेतली. मी फक्त फोटो पाहिलेत, पण कागदावर कुणीतरी जाताजाता बोलल्यासारखं वाटणारं वाक्य दगडावर आलं की मला ते थडग्यावरच्या मजकुरासारखं वाटतं.

मंदिराच्या आवारात शिलाहार राजांच्या काळातले शिलालेख आहेत. मला ती लिपी धड वाचता येत नाही तरी बराच वेळ थांबलो. त्या काळच्या दानपत्रांत चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालू राहो असं लिहायची पद्धत होती, आणि असलं वचन द्यायचं तर दगडच पाहिजे! बाहेर चौकात वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यातल्या एकाच्या कडेने आधीच्या फ्लेक्समधला कुणाचा तरी अर्धा चेहरा दिसत होता.

पण खरं अडकलो ते शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. एका घराच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटची आडवी रेघ, वर लिहिलंय 'महापूर २०१९', आणि चार बोटं वर दुसरी रेघ, 'महापूर २०२१'. दोन्हीचं अक्षर वेगळं, खालच्यातला ९ जरा ओघळलेला. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट हे बातम्यांत दर पावसाळ्यात ऐकतो, त्यातून मला कधी काही कळलं नव्हतं. इथे भिंतीला पाठ लावून उभा राहिलो तर वरची रेघ बरोबर खांद्याला लागली. हीच रेघ कागदावर, म्युझियममध्ये काचेआड ठेवली असती तर मी दोन सेकंदात पुढे गेलो असतो, इथे मात्र गळ्यापर्यंत पाणी आल्यासारखं झालं.

आतून आजोबा आले. हाताला शाडू तसाच.

"काय बघतायसा पावणं?"

मी रेघेकडे हात केला.

"हितपतूर आलतं. गणपती माळ्यावर चढवलं हुतं, तरी खालच्या रांगंतलं विरघळलं."

गणपतीच्या तोंडावर वर्षाची कमाई पाण्यात. मला काय बोलावं सुचेना. भिंत मात्र ताज्या पिवळ्या रंगाची दिसत होती म्हणून विचारलं, नवीन रंग दिलाय का.

"दर दिवाळीला देतो की. तेवढी पट्टी सोडून."

जवळ जाऊन बघितलं तर खरंच, रेघांच्या भोवती वीतभर जागेत अजून जुना, पापुद्रे सुटलेला हिरवा रंग होता.