एकच प्रश्न दोनदा

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी अठरा वर्षे शिकवते आहे आणि गेल्या वर्षापासून, चाळिशी उलटल्यावर, दूरशिक्षणाने मानसशास्त्राचा अभ्यास करते आहे. बालविकासाचा विषय गर्भधारणेपासून सुरू होतो आणि किशोरावस्थेपाशी थांबतो. वये, अवस्था आणि लक्षणे यांचे तक्ते त्यात पुष्कळ आहेत, आणि ते परीक्षेपुरते पाठही होतात. माझे मन मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकले. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलता येत असूनही आपली भाषा येत नाही, त्याच्या मनात काय आहे हे संशोधकांनी विचारले तरी कसे?

गर्भाबद्दल बोलायला लागले की आपल्याकडे अभिमन्यू आल्यावाचून राहत नाही. माझी भावजय सातव्या महिन्यात असताना चतुर्थीला घरी घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती सुरू झाली आणि तिने दचकून पोटावर हात ठेवला. तिची सासू, म्हणजे माझी आई, लगेच म्हणाली, ‘‘आरती कळटा ताका.’’ कळत नाही. पण ऐकू येते, हे खरे. साधारण पंचविसाव्या आठवड्यापासून गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो, मोठ्या आवाजाने त्याची हालचाल आणि हृदयाचे ठोके बदलतात, आणि पोटातून आत पोचतात ते मुख्यतः खालच्या पट्टीतले आवाज. घुमटाचा ठोका त्यातलाच. गर्भसंस्काराच्या नावाखाली आज जे काही विकले जाते त्याला एवढ्या माहितीचा आधार पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या काळजीला भक्कम आधार आहे ती फार आधी घ्यावी लागते. ज्या नळीतून पुढे मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू घडतो ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर अनेक बायकांना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायची असते, आणि आपले सारे कोडकौतुक डोहाळजेवणाच्या सुमारास सुरू होते.

जन्मलेल्या बाळाला प्रश्न विचारण्याची युक्ती अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली वापरली. तीन दिवसांहूनही लहान बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि कानाशी आवाज ऐकवण्याची सोय केली. एका लयीत चोखले तर आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखले तर परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज येईल अशी आपली लय बदलली. चोखणे ही बाळाला येणारी गोष्ट होती, म्हणून प्रश्न त्या भाषेत विचारला गेला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचे १९८४ सालचे काम आपल्याला अधिक जवळचे आहे, कारण त्यात हिंदीतले त आणि ट आहेत. आवाज बदलला की बाळाने मान वळवायची, बरोबर वळवली तर एक खेळणे उजळून हलू लागायचे. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हा फरक ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची बहुतेक बाळे ओळखत नव्हती. रोज कानावर न पडणारा भेद वर्षाच्या आत पुसट होतो. आमच्या गावातल्या बाळाच्या कानावर घरची कोकणी, कीर्तनातली मराठी आणि टीव्हीवरची हिंदी एकाच वेळी पडत असते, त्यामुळे त आणि ट त्याच्या हातचे जात नाहीत. अडचण येते ती शाळेत.

एक मुलगा माझ्याकडे पहिलीत होता. ‘‘कोणत्या पिशवीत अधिक लिंबे आहेत?’’ असे मी त्याला विचारले. तो गप्प. मी तोच प्रश्न मोठ्याने विचारला, तेव्हा तो आणखी गप्प झाला, आणि मी नोंदवहीत ‘संख्याज्ञान कच्चे’ असे लिहून मोकळी झाले. त्याच आठवड्यात वाळपईच्या बाजारात हाच मुलगा आजीच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांना सुटे पैसे बिनचूक मोजून देत होता. मला गंमत वाटली, एवढेच. घरी तो ‘चड’ म्हणत होता, पुस्तकातले ‘अधिक’ त्याने कधी ऐकले नव्हते, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा पाण्याचा प्रयोग बहुतेक शिक्षकांना माहीत असतो. सारख्या दोन पेल्यांत सारखे पाणी, मग एकातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचे आणि पुन्हा विचारायचे. साधारण सात वर्षांखालचे मूल उंच पेल्याकडे बोट दाखवते. यावरून मुलाला प्रमाण कायम राहते हे कळत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी १९७४ साली तशाच एका प्रयोगात पहिला प्रश्न गाळला, फक्त बदलानंतरचा ठेवला, आणि मुलांच्या चुका कमी झाल्या. कारण वर्गात तोच प्रश्न पुन्हा आला की आपले पहिले उत्तर चुकले, हे मुलांना पक्के ठाऊक असते. आम्हीच त्यांना ते शिकवलेले असते. त्याच सुमारास जेम्स मॅक्‌गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी सोंगट्यांच्या दोन सारख्या ओळींपैकी एक मोठ्या माणसाऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाकडून विस्कटवली, तेव्हा अनेक लहान मुलांनी बरोबर उत्तर दिले. म्हणून पियाजे मोडीत निघाला असे मी म्हणणार नाही. सात वर्षांच्या आसपास मुलांच्या विचारात बदल होतो, तो मला वर्गात दिसतो.

तरीही गेल्या जूनमध्ये मी कोकमाच्या सरबताचे दोन पेले घेऊन प्रयोग करून पाहिला, आणि कोकणीतून विचारले. चार मुलांनी उंच पेला दाखवला. पाचवा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘तुमीच घातलें, मागीर म्हाका कित्याक विचारतात?’’ म्हणजे, तुम्हीच ओतलेत, मग मला कशाला विचारता? पियाजेच्या तक्त्यात हे उत्तर कोणत्या रकान्यात घालायचे, ते मला अजून सुचलेले नाही.

किशोरावस्थेचे प्रकरण मी घरीच वाचते, कारण घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. या वयात झोप आणणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, हे कळल्यापासून सकाळच्या बसच्या वेळी मी त्याच्यावर ओरडणे कमी केले आहे. बस मात्र आपल्या वेळेलाच येते. ‘‘आज शाळेत काय झाले?’’ या प्रश्नाला त्याचे ‘‘हं’’ हे एकच उत्तर असायचे, दोनदा विचारले तर तेही नाही. परवा होंड्याहून स्कूटरवर परतत होतो, पाऊस नुकता थांबलेला, मी पुढे आणि तो मागे, एकमेकांचे तोंड दिसत नव्हते. काहीही विचारलेले नसताना त्याने मित्राशी झालेल्या भांडणाची हकिकत सुरू केली, ती थेट घराच्या दारापर्यंत पुरली. मी मध्ये एकदा ‘‘हं’’ म्हटले.