एसएफसी दरवेळी वेगळीच यादी देत होतं, कारण सापडलं (सिस्टम फाइल्स दुरुस्ती, भाग २)

मागच्या वेळी कुठे थांबलो होतो ते आधी सांगतो. घरचा पीसी, विंडोज ११ प्रो, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८ च्या दोन स्टिक), स्टार्ट मेनू मधेच मरतो, सेटिंग्ज उघडून लगेच बंद होतं, आणि एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या सिस्टम फाइल्स तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारलं की उत्तर येतं करप्ट फाइल्स सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. त्यानंतर तीन वीकेंड यातच गेले.

पहिला वीकेंड नेहमीच्या क्रमाने. आधी डिस्क बघितली, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी ठणठणीत, चेकडिस्क पण स्वच्छ. मग डिस्मचं रिस्टोअरहेल्थ (एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेतं तो साठाच दुरुस्त करणारी कमांड) चालवलं, ते ६२.३ टक्क्यांवर वीसेक मिनिटं अडकून बसलं (तिथे विंडो बंद करू नका, चालू असतं ते), शेवटी पूर्ण झालं. परत एसएफसी, यावेळी सगळ्या दुरुस्त केल्या म्हणाला. रिस्टार्ट केलं, खात्रीसाठी अजून एकदा एसएफसी मारलं तर परत करप्ट, आणि यावेळी नावं वेगळीच.

सीबीएस लॉगमधून (एसएफसी आपलं काम जिथे नोंदवतं ती फाइल) फाइंडस्ट्र या शोधायच्या कमांडने फक्त एसआर वाल्या, म्हणजे एसएफसीच्या, ओळी डेस्कटॉपवर काढल्या आणि प्रत्येक वेळची यादी जपून ठेवली, हे तुम्ही पण करा, कारण सगळा उलगडा त्या याद्यांमधूनच झाला. पहिल्या यादीतल्या दोन फाइल्स दुसऱ्या यादीत नव्हत्याच, मधे मी त्यांना हातही लावला नव्हता. बाबांचं म्हणणं होतं सारखी लाइट जाते त्याने झालं असणार, मला पण आधी तेच वाटायचं. पण लाइट गेल्याने फाइल बिघडली तर ती बिघडलेलीच राहील ना, आपोआप बरी होऊन तिच्याऐवजी दुसरी कशी बिघडेल?

डिस्म आधी आणि एसएफसी नंतर का, हे पण मला यावेळी नीट समजलं. सिस्टम३२ मधली फाइल आणि विनएसएक्सएस (तोच राखीव प्रतींचा साठा, म्हणजे स्टोअर) मधली तिची प्रत या बऱ्याचदा दोन वेगळ्या प्रती नसतातच, हार्डलिंक असते, म्हणजे डिस्कवर माल एकच आणि नावं दोन. तो माल खराब झाला की एसएफसी जिथून चांगली प्रत आणायला जातं तिथेही खराबच मिळते. म्हणून आधी डिस्मने बाहेरून चांगला माल आणून स्टोअर भरायचा.

दुसरा वीकेंड. डिस्मला ऑफलाइन सोर्स द्यावा म्हणून आयएसओ (विंडोजची पूर्ण इन्स्टॉलेशन फाइल) उतरवली, सर्टयुटिल कमांडने हॅश (फाइलचा ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढला, मूळ हॅशशी जुळेना. परत काढला, तोच चुकीचा हॅश. डाउनलोड खराब झालं समजून डिलीट करणार होतो, पण त्याआधी रिस्टार्ट करून सहज एकदा काढून बघितला तर हॅश बदललेला! फाइल तीच, डिस्कवर काहीही बदललं नाही, आणि हॅश दुसरा. त्या क्षणी डोक्यात प्रकाश पडला. विंडोज फाइल वाचताना रॅममध्ये कॅश करून ठेवतं, त्यामुळे लागोपाठ दोनदा काढला की तीच कॅशमधली बिघडलेली प्रत वाचली जाते, रिस्टार्टनंतर फाइल रॅममध्ये दुसऱ्या जागी बसते. एसएफसीच्या बदलत्या याद्यांचं कारण पण हेच, काही फाइल्स डिस्कवर चांगल्याच होत्या, वाचताना बिघडत होत्या.

मग भावाच्या लॅपटॉपवरून (विनव्हर कमांडने विंडोजची आवृत्ती बघून, बिल्ड नंबर अगदी सेम) दोन डीएलएल सिस्टम फाइल्स आणल्या ज्या माझ्याकडे कायम करप्ट दाखवत होत्या, आणि एफसी या फाइल्स जुळवायच्या कमांडला बी स्विच लावून बाइट बाइट जुळवल्या. पहिल्या फाइलमध्ये फक्त एक बाइट वेगळा, ४५ च्या जागी ६५. दुसरीत पण एकच, १३ च्या जागी ३३. हे हेक्स आहेत, दोन्हीकडे फरक बरोब्बर २०, म्हणजे एकच बिट उलटलेला, आणि दोन्हीकडे तोच बिट. त्याहून भारी म्हणजे ऑफसेट (त्या बाइटची फाइलमधली जागा), एक ०००१२६३८ आणि दुसरा ०००४१६३८. शेवटचे तीन आकडे सारखे! रॅमचं पेज ४ केबीचं असतं आणि हेक्समधले शेवटचे तीन आकडे म्हणजे पेजच्या आतली जागा, म्हणजे दोन्ही फाइल्स अपडेटच्या वेळी लिहिल्या जाताना रॅमच्या त्याच एका खराब घरातून गेल्या होत्या. इतक्या वर्षांत एवढा स्पष्ट पुरावा हातात कधीच आला नव्हता, मी रात्री एक वाजता भावाला फोन करून सांगितलं.

विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट आधी स्टँडर्डवर पास झाली होती, तिच्यावर विसंबून राहिलो हे चुकलं. यावेळी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) बूट केलं, फ्री आवृत्तीत चार पास होतात, रात्रभर लावलं, पहिल्याच पासमध्ये लाल ओळी. पत्त्याचे शेवटचे आकडे ६३८, अपेक्षित आणि मिळालेल्या किमतीत फरक २०. एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद केलं, फरक नाही. स्टिकचे पाय खोडरबरने पुसले, फरक नाही. एकेक स्टिक एकटी लावून, स्लॉट बदलून बघितलं, एरर एकाच स्टिकच्या मागे जात होती (एकटी लावल्यावर पत्ता बदलतो, दोन स्टिकमधली पत्त्यांची वाटणी, म्हणजे ड्युअल चॅनल, नसते म्हणून, गोंधळू नका).

तिसऱ्या वीकेंडला खरी दुरुस्ती, ती तासाभरात झाली. फक्त चांगली ८ जीबीची स्टिक ठेवली, तीच आयएसओ परत तपासली तर हॅश जुळला, म्हणजे डाउनलोड पहिल्यापासून चांगलंच होतं. आयएसओत कोणती आवृत्ती कितव्या नंबरला ते गेट-विमइन्फोने बघितलं, प्रो ६ नंबरला, तो इंडेक्स देऊन डिस्म चालवलं तर सोर्स फाइल्स सापडत नाहीत म्हणाला, कारण आयएसओ माझ्या अपडेट्सपेक्षा जुनी. लिमिटअॅक्सेस (विंडोज अपडेटकडे जाऊ नको सांगणारा स्विच) काढून विंडोज अपडेटवरून आणू दिलं आणि झालं. एसएफसी, रिस्टार्ट, एसएफसी, परत रिस्टार्ट, एसएफसी, तिन्ही वेळा एकही गडबड नाही. खराब रॅमवर मी त्याआधी चारदा दुरुस्ती केली होती, म्हणजे चारदा नवीन फाइल्स त्याच घरातून नेल्या होत्या. आता कुणी एसएफसीचा प्रॉब्लेम घेऊन आलं की पहिलं मेमटेस्ट, मग डिस्क, मग डिस्म, मग एसएफसी, असंच सांगणार.

आता खरी काळजी फोटोंची आहे. सिस्टम फाइल्स परत मिळतात, पण गेल्या काही महिन्यांत याच पीसीवरून आईबाबांचे जुने स्कॅन केलेले फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर हलवले होते. मूळ स्कॅन सुदैवाने भावाकडे आहेत, दोन्हीकडचे हॅश काढून जुळवतोय. आत्तापर्यंत ११०० झाले, ३ वेगळे निघाले, ते तिन्ही भावाकडून परत घेतले. अजून साधारण ४००० बाकी.